नवं इंजिन, दिवे चालू, चाकं बंद

पत्र:

स. न. वि. वि.

मी घोरपडीच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. नातवाला घेऊन कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघायला गेलो आणि तिथून येताना डोक्यात किडा घेऊनच आलो. घरी एका फळीवर एचओ मापाचा (खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराचा) लेआउट केला, साधा डीसीवर चालणारा, म्हणजे रुळातलं व्होल्टेज वाढवलं की गाडी पळते असा. आता न्यू जर्सीहून भाचा आला होता. त्यानं माझ्यासाठी तिकडून डीसीसीचं, म्हणजे रुळातून येणाऱ्या डिजिटल हुकमांवर चालणारं, नवं कोरं इंजिन आणलं. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या डिझेलचं मॉडेल, आवाजासकट! सोबत कंट्रोल पेटी, रिमोट आणि अ‍ॅडॉप्टर. आपल्या सॉकेटला बसावा म्हणून पिन बदलायची टोपी लावून जोडलं. दहा मिनिटं इंजिन सुरेख धावलं. तो आवाज ऐकून मी पुन्हा शेडमध्ये उभा आहे असं वाटलं. रिमोट नातवाच्या हातात होता. मग इंजिन थांबलं ते थांबलंच. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, इंजिनाचा आवाज चालू आहे, पण चाक हलत नाही. सीव्ही (इंजिनातल्या चिपमधल्या नोंदी) वाचायला गेलं की पेटीवर एरर येते. खरेदीला ४० दिवस झालेत आणि दुकानाच्या बिलावर परतीची मुदत ३० दिवसांची आहे. मुलगा म्हणतो, कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याला उघडून बघू दे. बायको म्हणते, भाच्याला कळवू नका, एवढ्या हौसेनं आणलंय, त्याला वाईट वाटेल. काय करू?

— एक निवृत्त फिटर, हडपसर

उत्तर:

काका, सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी एक विनंती. इंजिन मोबाइलवाल्याकडे नेऊ नका. त्याच्या कसबाबद्दल मला शंका नाही. बारीक सोल्डरिंग तो माझ्यापेक्षा चांगलं करेल. पण नव्या वस्तूला तिसऱ्या माणसाच्या सोल्डरिंग आयर्नचा डाग लागला की ती हमीतून बाहेर पडते. हे मी स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी एन मापाच्या (एचओपेक्षा लहान) इंजिनासाठी सुटा डिकोडर, म्हणजे डीसीसीचे हुकूम समजून मोटर चालवणारी चिप, मागवला होता. जागा अपुरी, म्हणून आल्या आल्या त्याच्या वायरी कापून आखूड केल्या, सोल्डर मारलं, वरचं कवच बसवलं आणि मग रुळावर ठेवलं. डिकोडर जन्मतःच मेलेला होता. विक्रेत्याला फोटो पाठवले तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: वायरी कापलेल्या आहेत, बदलून मिळणार नाही. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं आणि माझे पैसे गेले. तेव्हापासून कुठलाही डिकोडर आधी लांब वायरींनी तात्पुरता जोडून चालवून बघते, कात्री त्यानंतर.

तुमच्याकडे मात्र डिकोडर आतच बसवलेला आला आहे आणि तुम्ही अजून काही उघडलेलं नाही. ही तुमची मोठी जमेची बाजू. ती सांभाळून आधी हे ठरवू, की इंजिन खरंच सदोष आहे का. तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींवरून मला तशी खात्री वाटत नाही: रिमोट नातवाच्या हातात होता, आवाज नि दिवे अजून चालू आहेत, आणि अ‍ॅडॉप्टर टोपी लावून जोडला होता.

एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुमच्या कानाला माझ्यापेक्षा नेमकं देता येईल. रिमोटवर वेग वाढवल्यावर आवाजातले नॉच, म्हणजे थ्रॉटलच्या पायऱ्या, वर चढतात का? आयडलवरून पहिला, दुसरा, तिसरा असा आवाज भरत जातो, की थ्रॉटल कितीही फिरवला तरी इंजिन आयडललाच गुरगुरत राहतं? तुमच्या शेडमधल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेलांमध्ये १६ सिलिंडरचं, अल्कोच्या २५१ घराण्याचं इंजिन होतं, आणि अमेरिकन अल्कोच्या मॉडेलमध्येही पुष्कळदा त्याच घराण्याच्या इंजिनाचा आवाज भरलेला असतो. १९६२ पासून अल्कोच्या स्केनेक्टडीच्या कारखान्यातून आपल्याकडे जी डिझेलं आली, त्यांचाच हा गोतावळा. नॉच चढला की नाही हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

आवाज चढत असेल, तर डिकोडरला तुमचा हुकूम पोचतोय. रुळातून वीज येतेय, पत्ता (हुकूम ज्यावर पाठवतात तो इंजिनाचा नंबर) बरोबर आहे, डोकं ठिकाणावर आहे. मग दोष पुढे कुठेतरी असणार: मोटरकडे जाणारी वायर निसटली असेल, मोटर किंवा गिअर अडकला असेल, नाहीतर डिकोडरमधले मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर गेले असतील. फक्त एक अपवाद ध्यानात ठेवा. काही डिकोडरमध्ये असं फंक्शन असतं की ते दाबल्यावर वेग आहे तिथेच राहतो आणि थ्रॉटल नुसता आवाज वरखाली करतो. काहींत ब्रेकचंही बटण असतं. ते दाबलेलं राहिलं तर इंजिन हलत नाही. तेव्हा रिमोटवरची सगळी फंक्शनची बटणं एकेक करून बंद करा आणि पुन्हा बघा.

आवाज आयडललाच राहत असेल, तर मला निदान वेगळं वाटतं, आणि ते ऐकून तुम्हाला हायसं वाटेल. डीसीसीत दोन-तीन इंजिनं जोडून एकत्र चालवायची सोय असते. आपल्याकडे मल्टिपल युनिट करून दोन डिझेलं एका केबिनमधून चालवतात, तसंच. त्यासाठी प्रत्येक इंजिनाच्या डिकोडरमध्ये सीव्ही १९ या खणात त्या जोडीचा नंबर लिहिला जातो. एकदा तिथे शून्याशिवाय काही लिहिलं गेलं, की इंजिन स्वतःच्या पत्त्यावर आलेला वेगाचा हुकूम मानत नाही, ते जोडीच्या नंबरावरच्या हुकमाची वाट बघत बसतं. दिवे आणि हॉर्न मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या पत्त्यावर चालत राहतात. तुमच्या इंजिनाची तंतोतंत हीच लक्षणं आहेत. लहान मूल रिमोटची बटणं दाबत असताना हे अगदी सहज होतं. त्यात नातवाची काही चूक नाही, त्याला कृपा करून रागावू नका. जोडी करायचं बटण बऱ्याच रिमोटवर अगदी हाताशी असतं.

याची परीक्षा कवच न उघडता होते आणि तिचं साधन तुमच्या घरात आधीपासून आहे: तुमचा जुना डीसी कंट्रोलर. डीसीसीच्या पेटीच्या दोन्ही वायरी रुळापासून पूर्ण सोडवा. एकाच रुळावर डीसी आणि डीसीसी एका क्षणासाठीही एकत्र येऊ द्यायचं नाही, पेटी त्यानं जाऊ शकते. मग जुना कंट्रोलर जोडा, इंजिन ठेवा, हळूहळू व्होल्टेज वाढवा. आवाजाच्या डिकोडरला जागं व्हायलाच ६-७ व्होल्ट लागतात, त्यामुळे आधी इंजिन स्टार्ट झाल्याचा आवाज येईल आणि चाकं त्याच्याही पुढे हलतील. घाई करू नका, पण १२ व्होल्टच्या फार वरही नेऊ नका. तुमचा कंट्रोलर पल्स देणाऱ्या, म्हणजे वीज सलग न देता ठोक्याठोक्यानं सोडणाऱ्या, जातीचा असेल तर ही परीक्षा टाळा, आवाजाच्या डिकोडरला ते मानवत नाही.

इंजिन डीसीवर धावलं तर विषय जवळपास संपला. मोटर ठीक, गिअर ठीक, ट्रान्झिस्टर ठीक. गोंधळ फक्त नोंदींचा आहे. ते नाही धावलं, तर मात्र लगेच निकाल देऊ नका, कारण काही डिकोडरमध्ये डीसीवर चालायची परवानगी कारखान्यातूनच बंद करून ठेवलेली असते. ती परवानगी सीव्ही २९ मध्ये असते.

आता त्या एररबद्दल. सीव्ही वाचता येत नाही म्हणजे डिकोडर मेला, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच अर्धी नवी इंजिनं उगाच परत जातात. वाचायची रीत कशी आहे बघा. पेटी प्रोग्रॅमिंगच्या रुळावर (सीव्ही वाचण्या-लिहिण्यासाठी वेगळा जोडलेला तुकडा) मुद्दाम अगदी थोडाच करंट सोडते, म्हणजे चुकीची जोडणी असली तर काही जळू नये. मग ती डिकोडरला विचारते, ‘या खणात अमुक आकडा आहे का?’ डिकोडरला बोलता येत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तो क्षणभर मोटरला झटका देऊन करंट वाढवतो: निदान ६० मिलिअँपिअर, ६ मिलिसेकंद. पेटीला तो ठोका जाणवला की ती समजते. आता आवाजाच्या डिकोडरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. चालू होताच ते इतका करंट ओढतात की पेटी गोंधळते आणि एरर दाखवते. चाकांना तेल असलं तरी हेच. नव्या इंजिनाच्या चाकांना कारखान्यातलं तेल असतंच. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चाकं आणि रूळ दोन्ही पुसा. पुण्याच्या पावसाळ्यात रुळांवर जी पातळ काळी साय धरते, तीही त्यानं निघते.

आणि मुळात वाचायची गरजच नाही. पेटीत मुख्य रुळावर प्रोग्रॅमिंग करायची सोय असेल. पुस्तिकेत ती बहुधा पीओएम किंवा ऑप्स मोड या नावानं दिलेली असते. त्यात पेटी उत्तराची वाट बघत नाही, हुकूम लिहून मोकळी होते. इंजिनाचा पत्ता निवडा (कुणी बदलला नसेल तर कारखान्यातून तो ३ असतो) आणि सीव्ही १९ मध्ये ० लिहा. मग थ्रॉटल उघडून बघा. एवढ्यानं चाक हललं तर पत्राचं बाकीचं उत्तर दुसऱ्या वाचकांसाठी समजा. काही पेट्या जोडीची नोंद डिकोडरमध्ये न लिहिता स्वतःकडेच ठेवतात, म्हणून रिमोटवर जाऊन ती जोडी मोडायलाही विसरू नका. एवढं करूनही इंजिन ढिम्म राहिलं, तर शेवटचा उपाय म्हणून सीव्ही ८ मध्ये ८ लिहा. पुष्कळ डिकोडर त्यानं कारखान्यातल्या मूळ स्थितीला येतात. तुमच्या डिकोडरचा आकडा वेगळा असू शकतो, तो पुस्तिकेत बघून घ्या.

यानंतरचा मुद्दा थोडा अवघड आहे आणि तो तुम्हाला आवडणार नाही. अ‍ॅडॉप्टरचं लेबल वाचा. त्यावर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर चिंता नाही, तो आपल्या २३० व्होल्टवर सुखानं चालतो. पण त्यावर नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलं असेल आणि हातात घेतल्यावर तो दगडासारखा जड लागत असेल, तर तो साधा ट्रान्सफॉर्मर आहे. पिनची टोपी फक्त सॉकेटचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. १२० च्या ट्रान्सफॉर्मरला २३० दिलं की पलीकडून जवळजवळ दुप्पट निघतं. १५ व्होल्ट एसी यायच्या जागी २८-२९, आणि ते पेटीत गाळून सरळ झालं की ४० च्या आसपास. सगळ्या पेट्या ते आवरून धरत नाहीत. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन डीसीसीचे दंडक ठरवते; तिच्या दंडकानुसार एचओच्या डिकोडरनं २७ व्होल्टपर्यंत तग धरायला हवा. त्यापुढे जबाबदारी कुणाचीच नाही. शिवाय असा ट्रान्सफॉर्मर आतून तापत जातो. दहा मिनिटं छान चाललं आणि मग बंद पडलं, ही हकिकत दुर्दैवानं याच्याशीही जुळते. वास आला होता का? अ‍ॅडॉप्टर हाताला चटका देत होता का?

लेबलवर १२० असेल तर तो पुन्हा जोडू नका, कितीही मोह झाला तरी. आपल्या बाजारात योग्य आऊटपुटचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. पेटीच्या मागे एसी हवंय की डीसी, किती व्होल्ट, किती अँपिअर हे लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. दुकानाला किंवा कंपनीला लिहिताना हे लपवायचं मात्र नाही. ‘चुकून २३० व्होल्टवर लागला’ असं सरळ लिहायचं. हे मी नैतिकतेचा धडा म्हणून सांगत नाही. डिकोडर बनवणाऱ्या काही अमेरिकी कंपन्या पहिल्या वर्षात ग्राहकाच्या चुकीनं जळालेला डिकोडरसुद्धा बदलून देतात. खोटं सांगितलं आणि त्यांनी उघडून जळका भाग बघितला, तर तीही वाट बंद होते.

आता समजू, की अ‍ॅडॉप्टर बरोबर निघाला, सीव्ही १९ शून्य केला, फंक्शन बंद केली, चाकं पुसली, आणि तरीही नॉच चढतायत पण चाक हलत नाही. मग मात्र तुमचं इंजिन खरंच सदोष आहे आणि इथून पुढे तुम्ही अजिबात संकोच करू नका. पूर्ण पैसे मोजून नवी वस्तू घेतली आहे. ती चालती मिळणं हा हक्क आहे, उपकार नाही.

तुम्ही ३० दिवसांची मुदत संपली म्हणून हात टेकलेत, पण ती मुदत दुकानानं ‘आवडलं नाही तर परत करा’ म्हणून दिलेली असते. इंजिन बनवणाऱ्या कंपनीची हमी वेगळी, आणि डिकोडर दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याची आणखी वेगळी. या हम्या साधारणपणे महिन्यांत किंवा वर्षांत मोजतात. इंजिनाच्या पेटीत आलेली कागदाची घडी टाकून दिली नसेल अशी आशा आहे; हमी तिच्यातच असते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. लेखी हमी दिली तर तिच्या अटी ग्राहकाला कळतील अशा भाषेत लिहाव्या लागतात, असं तो सांगतो. त्या अटींत एक ओळ मुद्दाम शोधा: हमी ‘मूळ खरेदीदारा’पुरती आहे का? पुष्कळदा तशी असते.

म्हणूनच भाच्याला कळवायचं की नाही हा प्रश्न माझ्या मते उरतच नाही. बिल त्याच्या नावावर, कार्ड त्याचं, पत्ता न्यू जर्सीचा. तुम्ही इथून कितीही लिहिलंत तरी कंपनी पहिला प्रश्न विचारणार, की तुम्ही कोण? काकूंचं मन मला कळतं. पण भाच्याला तुम्ही आज सांगितलंत तर त्याच्या हातात अजून हमी आहे. दिवाळीला तो व्हिडिओ कॉलवर विचारेल, ‘मामा, अल्को दाखवा ना चालवून’, तेव्हा सांगितलंत तर त्याच्या हातात काहीच उरलेलं नसेल. वाईट त्याला तेव्हा वाटेल. शिवाय त्यानं इतक्या इंजिनांतून नेमकं अल्को निवडलं, ते तुमची शेड आठवून. अशा मुलाला हे लपवलेलं जास्त लागेल.

त्याला काय पाठवायचं ते सांगते. मोबाइलवर एक मिनिटभराचा व्हिडिओ घ्या, न कापता. सुरुवातीला इंजिनाच्या पेटीवरचा मॉडेल नंबर, मग रिमोटच्या पडद्यावर पत्ता आणि वेगाचा आकडा, मग तोच कॅमेरा इंजिनावर: नॉच चढतोय, चाकं स्थिर. बोलायची गरज नाही. सोबत चार ओळी. खरेदी कधीची, किती वेळ चाललं, कोणता अ‍ॅडॉप्टर, काय काय करून बघितलं: डीसीवर चालवलं, सीव्ही १९ शून्य केला, रीसेट केलं. आणि शेवटी तुम्हाला काय हवं ते नेमकं लिहा. ‘कृपया बघावे’ असं लिहिलं की मदत करणारा माणूस पुन्हा तुम्हाला तीच बटणं दाबायला सांगतो. ‘एवढं सगळं केलं आहे, बदली डिकोडर पाठवा’ असं लिहिलं की त्याचं काम सोपं होतं. शेडमध्ये लोको पायलट लॉगबुकात नुसतं ‘इंजिन चालत नाही’ असं लिहून गेला की तुमचा कसा संताप होत असेल! हे लोकही फिटरच आहेत, तुमच्यासारखे. त्यांच्यासाठी नोंद नीट लिहा.

डिकोडर मागा असं मी म्हणाले, आख्खं इंजिन नाही. त्यामागे कारण आहे. इंजिन कुरिअरनं तिकडे पाठवणं आणि दुरुस्त होऊन परत येणं हा भलताच महाग प्रवास आहे. आपल्याकडे खेळणी आणि छोट्या मापाची मॉडेलं कस्टम्सच्या एकाच वर्गात मोडतात. त्यावरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केलं आणि २०२३ मध्ये ७०. भेट म्हणून आलेल्या पार्सलला पूर्वी थोडी सूट होती, तीही २०१९ च्या डिसेंबरात संपली. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली आहे. हे मोठ्या माणसांच्या छंदाचं मॉडेल आहे हे टपाल कार्यालयातल्या अधिकाऱ्याला समजावण्यात आठवडे जातात. उलट डिकोडर अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा असतो. न्यू जर्सीहून पुण्याला येणारं कुणीतरी दर महिन्याला असतंच. त्याच्या पाकिटात तो मावतो.

अर्थात डिकोडर काढायचा तर कवच उघडावं लागेल. ते कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. ‘डिकोडर आम्हीच काढून पाठवू का?’ असं भाच्याला विचारायला सांगा आणि हो आल्यावरच स्क्रू फिरवा. तुमचा हात बसलेला आहे, जमेल. कवच उचलताना स्पीकरची वायर कवचाला चिकटलेली असते, हिसका देऊ नका. डिकोडर सोल्डर केलेला असेल तर तिथेच थांबा. तो प्लगचा असेल तर काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. उघडल्यावर सहज बघा, की मोटरकडे जाणाऱ्या नारिंगी आणि करड्या वायरींपैकी एखादी निसटली आहे का, कवचाखाली चिमटली आहे का. सामानात आदळआपट होऊन प्लग अर्धवट सुटल्याचीही उदाहरणं मी बघितली आहेत. नुसता दाबून बसवला की काम झालं. तसं निघालं तरी फोटो काढून भाच्याला पाठवा.

आठ पिनांच्या जुन्या पद्धतीचा प्लग असेल तर एक गंमतीची आणि उपयोगाची गोष्ट सांगते. तो चुकून उलटा बसला तरी डिकोडर जळत नाही, पिनांची मांडणीच तशी केली आहे. इंजिन फक्त उलट्या दिशेनं धावतं आणि दिवे लागत नाहीत. नवा डिकोडर बसवल्यावर असं झालं तर तोही सदोष आला असं समजू नका, प्लग फिरवून बसवा. आणि डिकोडर काढलेल्या जागी बसणारी छोटी डमी पट्टी कधीकधी इंजिनाच्या खोक्यात येते. ती लावून इंजिन तुमच्या जुन्या डीसीवर चालवलं तर मोटरचा निकाल तिथल्या तिथे लागतो. चाक फिरलं तर दोष डिकोडरचा. नाही फिरलं तर आख्खं इंजिनच परत पाठवण्याची तयारी ठेवा आणि तो खर्च कंपनीनं करावा असा आग्रह धरा.

अशी पत्रं मला इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. वस्तू भारतातल्या विक्रेत्याकडून घेतली असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूचा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला ऑनलाइन विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे. आधी लेखी कळवा, दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. इंग्लंडात राहणाऱ्यांना २०१५ च्या कायद्यानं सदोष वस्तू ३० दिवसांत सरळ नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. जर्मनीत दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी विक्रेत्यावर असते आणि २०२२ पासून पहिल्या वर्षभरात दिसलेला दोष मुळातलाच होता असं धरलं जातं. तिथल्या दुकानदारानं ‘कंपनीला लिहा’ म्हणून टोलवलं तर त्याला नम्रपणे हे सांगा. विकत घेतलं त्याच्याकडून, जबाबदारीही त्याची.

काका, तुम्ही बसून एक-दोन संध्याकाळी हे सगळं शांतपणे करा. सुरुवात अ‍ॅडॉप्टरच्या लेबलापासून, मग डीसीचा कंट्रोलर, मग सीव्ही १९. नातवाला शेजारी बसवा आणि काय काय केलं याची वही त्यालाच लिहू द्या. त्या वहीच्या पहिल्या पानावर इंजिनाचा पत्ता, डिकोडरची कंपनी आणि सीव्ही १, १९ आणि २९ चे आकडे लिहून ठेवायला सांगा, वाचता आले की लगेच. माझ्याकडच्या प्रत्येक इंजिनाचं असं एक पान आहे.

आणि नॉच चढत होता की नाही, तेवढं मला कळवा.